काजळीतला पतंग आणि डॉ. केटलवेल

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात ट्यूबलाइटभोवती पतंग जमतात. सकाळी झाडू फिरायच्या आत पाहिले तर त्यातले काही भिंतीला चिकटून झोपलेले असतात. चुना लावलेल्या भागावर बसलेला करडा पतंग दुरूनही दिसतो. पण जिथे ओल येऊन भिंत काळवंडली आहे, तिथे बसलेला पतंग मात्र अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. रात्रपाळी संपवून चहाला जाताना मी हे पुष्कळदा पाहिले आहे आणि दर वेळी एका डॉक्टरची आठवण होते. हा डॉक्टर आमच्यासारखाच रात्रपाळ्या करत होता, पण त्याचे निम्मे मन कायम पतंगांत अडकलेले असे.

बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना ते चित्र आठवत असेल. दोन झाडांची खोडे. एक पांढुरके, दुसरे काजळीने काळे. दोन्हींवर एक फिकट आणि एक काळा पतंग, आणि पांढुरक्या खोडावरचा फिकट पतंग शोधायला थोडा वेळ लागतो. नैसर्गिक निवडीचे उदाहरण म्हणून आपण ते चित्र पाठ केले, परीक्षेत दोन-तीन गुण मिळवले आणि विसरून गेलो. त्यामागे हेन्री बर्नार्ड डेव्हिस केटलवेल नावाचा माणूस होता, तो शिक्षणाने वैद्यकाचा पदवीधर होता, चाळिशीपर्यंत त्याचे पोट डॉक्टरकीवरच चालत होते आणि मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी त्याच्यावर चक्क लबाडीचा संशय घेतला गेला, हे सगळे पाठ्यपुस्तकात नसते.

केटलवेल यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९०७ रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायरमधल्या हाउडन या गावी झाला. चार्टरहाउस शाळा, मग केंब्रिजचे गॉनव्हिल अँड कीज कॉलेज, आणि रुग्णांवरचे प्रत्यक्ष शिक्षण लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलात. १९३५ मध्ये त्यांनी सरे परगण्यातल्या क्रॅनली येथे जनरल प्रॅक्टिस सुरू केली. शेजारच्या गिल्डफर्डच्या रुग्णालयात ते भूलतज्ज्ञ म्हणूनही काम करत. दुसऱ्या महायुद्धात आपत्कालीन वैद्यकीय सेवेत होते. म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी दिवसभर दवाखाना आणि संध्याकाळी ऑपरेशनला भूल द्यायला जाणारा डॉक्टर असतो, तसेच त्यांचे आयुष्य होते. फरक एवढाच की, रात्री ते दिवा आणि पांढरी चादर घेऊन रानात जात.

पतंग आणि फुलपाखरे गोळा करण्याचा छंद इंग्लंडमध्ये फार जुना आहे आणि त्यात डॉक्टरांचा भरणा मोठा. लहान मुलांमधल्या एका दुर्मीळ आनुवंशिक विकाराला आम्ही कॉकेन सिंड्रोम म्हणतो. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते लंडनचे डॉ. एडवर्ड आल्फ्रेड कॉकेन हे पतंगांच्या रंगभेदांचे नावाजलेले जाणकार होते. त्यांनी आणि केटलवेल यांनी आपापले संग्रह एकत्र करून राष्ट्राला दिले. रॉथशिल्ड-कॉकेन-केटलवेल संग्रह म्हणून तो आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्याचे वैशिष्ट्य असे की, एकेका जातीचे एक-दोन नमुने ठेवून तो थांबत नाही. एकाच जातीचे शेकडो नमुने त्यात ओळीने लावलेले आहेत: फिकट, गडद, ठिपक्यांचे, बिनठिपक्यांचे.

हे असे करण्याचे कारण डॉक्टरला चटकन कळेल. आमच्या पाठ्यपुस्तकांत गोवराच्या पुरळाचे रंगीत छायाचित्र असायचे. गोऱ्या कातडीवर लालभडक ठिपके. पदवी घेऊन वॉर्डात आलो तेव्हा समोरच्या सावळ्या मुलाच्या अंगावर तसे लाल काहीच दिसेना. पुरळ होता, पण तो हाताला खरखरीत लागत होता आणि रंगाने गडद होता. माझ्या सिनियरने मुलाचे डोळे, नाक आणि गालाची आतली बाजू पाहायला लावली. एकच रोग वेगवेगळ्या रंगात समोर येतो आणि निदान करायचे तर रंगाखालचे न बदलणारे काही तरी शोधावे लागते. पतंग ओळखणाऱ्यांचेही नेमके तेच काम असते.

ज्या पतंगाशी केटलवेल यांचे नाव जोडले गेले त्याला इंग्रजीत पेपर्ड मॉथ म्हणतात. मिरपूड भुरभुरलेला पतंग असे म्हणू. शास्त्रीय नाव बिस्टन बेट्युलारिया. त्यातले बेट्युलारिया हे बर्च या झाडावरून आले आहे आणि बर्च म्हणजे आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचे भावंड. पंख पसरले की हा पतंग साधारण पाच सेंटिमीटर भरतो. अंग जाड, केसाळ. बसताना पंख दोन्ही बाजूंना सपाट पसरून खोडाला घट्ट चिकटतो. नराच्या मिशा पिसासारख्या, मादीच्या दोऱ्यासारख्या. अळी चालताना उंटासारखी पाठ उचलते. आपले सोयाबीनचे शेतकरी जिला उंटअळी म्हणतात तिची चाल अशीच. ती फांदीवर ताठ उभी राहिली की वाळकी काटकीच वाटते. इतके सगळे रंगाचा एक शब्दही न काढता सांगता येते, आणि ओळख पटवताना हेच आधी पाहायचे असते.

आता रंग. नेहमीचा पतंग पांढरट, त्यावर काळी मिरपूड आणि पंखांवर आडव्या वेड्यावाकड्या रेघा. त्याला टिपिका म्हणतात. दुसरा संपूर्ण काळा, कोळशाच्या पुडीत बुडवून काढल्यासारखा. तो कार्बोनारिया. दोन्ही शेजारी ठेवले तर अनोळखी माणूस शपथेवर सांगेल की या दोन जाती आहेत. आणि खरी पंचाईत करणारा आहे तो तिसरा, इन्सुलारिया. तो मधला. कधी टिपिकापेक्षा थोडा मळकट, तर कधी इतका गडद की काळ्यातच मोजला जावा. नीट पाहिले तर त्याच्या काळ्यावर पांढुरके ठिपके विखुरलेले दिसतात. केटलवेल यांच्यासारख्या माणसासाठी ही बारीक बाब नव्हती. काळे किती आणि फिकट किती याच मोजणीवर पुढचे सगळे उभे राहायचे होते, तिथे मधल्यांची वाटणी चुकली तर हिशेबच कोलमडणार.

तिघे एकच आहेत हे अंडी घालून घेतल्यावर सिद्ध होते. काळी मादी आणि फिकट नर यांची पैदास केली की काही पिल्ले काळी निघतात, काही फिकट. कधी सगळीच काळी. पण दोन्ही रंग मिसळून राखाडी झालेली निघत नाहीत. आपल्या रक्तगटासारखेच हे. आईचा ए आणि बापाचा ओ असला तर मूल ए होते किंवा ओ होते, अर्धे-अर्धे होत नाही. काळ्या रंगाचे जनुक इन्सुलारियावर भारी पडते आणि इन्सुलारियाचे टिपिकावर.

काळ्या पतंगाची पहिली नोंद मँचेस्टरची, १८४८ सालची. त्या वेळी तो नवलाईचा नमुना होता. मँचेस्टर म्हणजे सूतगिरण्या, कोळसा, धुराडी. गंधकयुक्त धुराने झाडांवरचे दगडफूल मेले. हो, आपण गोड्या मसाल्यात घालतो त्याच कुळातले दगडफूल. इंग्लंडमधल्या झाडांच्या खोडांना जो पांढुरका, खरबरीत लेप असे तो त्याचाच. तो गेला आणि खाली उरलेली साल काजळीने काळी झाली. १८९५ पर्यंत मँचेस्टर परिसरातले ९८ टक्के पतंग काळे झाले होते. पन्नासएक वर्षांत, म्हणजे पतंगाच्या पन्नासएक पिढ्यांत.

असे का झाले याचे उत्तर जे. डब्ल्यू. टट या कीटकतज्ज्ञाने १८९६ मध्येच सुचवले होते. काळ्या खोडावर फिकट पतंग पक्ष्यांना दिसतो आणि खाल्ला जातो. उत्तर सोपे होते, पण ते कुणाला पटेना. पक्षीनिरीक्षक म्हणत, आम्ही आयुष्य रानात घालवले, खोडावरचा पतंग उचलताना पक्षी कधी पाहिला नाही. दुसरे म्हणत, धुरातले काही तरी रसायन पोटात जाऊन अळ्या काळ्या होत असतील. १९२४ मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी कागदावर गणित मांडले. काळा रंग इतक्या वेगाने पसरला असेल, तर फिकट पतंगाची दोन पिल्ले जगतात तिथे काळ्याची तीन जगत असली पाहिजेत. हा आकडा त्या काळच्या लोकांना अतोनात मोठा वाटला. (हेच हॉल्डेन पुढे भारतात येऊन राहिले, १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले आणि देह काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजला देऊन गेले.) गणित होते, तर्क होता, पण रानात जाऊन मोजून कुणी पाहिले नव्हते.

केटलवेल १९४९ मध्ये डॉक्टरकी सोडून दक्षिण आफ्रिकेत टोळनियंत्रणाच्या संशोधनाला गेले होते. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने चालता दवाखाना बंद करावा हे धाडसच म्हणायचे. तिथून त्यांना ऑक्सफर्डच्या ई. बी. फोर्ड यांनी बोलावून घेतले. फोर्ड हे आनुवंशशास्त्रातले मोठे प्रस्थ, नीटनेटके आणि करड्या शिस्तीचे. केटलवेल धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, उत्साहाने ओसंडणारे. रानात काम कसे करायचे हे मात्र केटलवेल यांनाच ठाऊक होते. सुरुवातीलाच त्यांनी सुरवंटांना किरणोत्सारी गंधक खाऊ घालून, त्यांचे पुढे झालेले पतंग यंत्राने शोधण्याचा प्रयोग केला होता.

हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुराचे दाट धुके बसले. सुरुवातीच्या अंदाजाप्रमाणे चार हजार माणसे मेली, नंतरच्या मोजणीत हा आकडा बारा हजारांपर्यंत गेला. मेलेले बहुतेक म्हातारे, दमेकरी आणि हृदयरोगी होते. ज्या कोळशाने झाडे काळी केली, त्याच कोळशाने माणसांच्या श्वासनळ्या सुजवल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, १९५३ च्या जूनअखेरीस, केटलवेल बर्मिंगहॅमजवळच्या काळवंडलेल्या जंगलात उतरले.

प्रयोग ऐकायला सोपा आहे. हजारो अळ्या वाढवून त्यांचे पतंग तयार ठेवायचे. प्रत्येक नराच्या पंखाच्या खालच्या बाजूला रंगाचा बारीक ठिपका लावायचा. खालच्या बाजूला अशासाठी की बसलेल्या पतंगावरचा ठिपका पक्ष्याला दिसू नये. सकाळी पतंग झाडांवर सोडायचे. रात्री दिव्याचे सापळे लावायचे आणि जाळीत कोवळ्या माद्या ठेवायच्या, म्हणजे त्यांच्या गंधाने नर परत येतात. परत आलेल्यांत ठिपकेवाले किती, कोणत्या रंगाचे, हे मोजायचे. ज्यांना रुग्णांचा पाठपुरावा करावा लागतो त्यांना या कामातला त्रास लगेच समजेल. सोडलेले बहुतेक परत येतच नाहीत, आणि का आले नाहीत हे सांगायलाही कुणी येत नाही.

बर्मिंगहॅमला त्यांनी ४४७ काळे पतंग सोडले, १२३ परत मिळाले, म्हणजे साडेसत्तावीस टक्के. १३७ फिकट सोडले, १८ परत मिळाले, तेरा टक्के. ४६ इन्सुलारियांपैकी ८ मिळाले, म्हणजे तेही अधेमधेच. काळे दुपटीने टिकले.

इथे थांबले असते तर शंका काढायला जागा होती. कदाचित काळा पतंग मुळातच काटक असेल. कदाचित फिकट पतंग दूर उडून जात असतील. म्हणून १९५५ मध्ये केटलवेल उलट परिस्थितीत गेले. डॉर्सेटमधल्या डीनएंड वुड या जंगलात धूर पोहोचलेला नव्हता, खोडांवर दगडफूल शाबूत होते. तिथे ४९६ फिकट पतंगांपैकी ६२ परत आले, साडेबारा टक्के. ४७३ काळ्यांपैकी ३०, म्हणजे सव्वासहा टक्क्यांच्या आसपास. गुणोत्तर तेवढेच, दिशा उलटी. काळा पतंग जन्मतःच काटक असता तर डॉर्सेटलाही तोच जिंकला असता. त्याच वर्षी बर्मिंगहॅमला पुन्हा प्रयोग केला आणि पहिल्यासारखाच निकाल आला. औषधाच्या चाचणीत आम्ही दोन गटांची औषधे अदलाबदल करून पाहतो, त्याच तोडीची ही मांडणी आहे. मला केटलवेल यांच्या कामात सर्वांत आवडतो तो डॉर्सेटचा प्रवास.

पक्षी पतंग खातातच कुठे, या आक्षेपाचा निकाल लावायला त्यांनी निको टिनबर्गन यांना बरोबर घेतले. टिनबर्गन प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक, पुढे १९७३ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. त्यांनी आडोशात बसून चित्रफीत घेतली. माशीमार, रॉबिन, नटहॅच असे पक्षी येत, पतंग उचलत आणि क्षणात जात. डॉर्सेटला डोळ्यांदेखत खाल्ल्या गेलेल्या १९० पतंगांपैकी १६४ काळे होते, २६ फिकट. इतकी वर्षे हे कुणी पाहिले नव्हते याचे कारण एवढेच की सगळे फार झटपट उरकते, आणि कुठे बघायचे ते ठाऊक नसेल तर दिसत नाही.

याच सुमारास केटलवेल यांनी देशभरातल्या हौशी संग्राहकांना कामाला लावले. आपल्या भागातले पतंग पकडा आणि तीन रंगांत मोजून कळवा. ऐंशीहून अधिक ठिकाणांहून वीस हजारांवर पतंगांची मोजणी गोळा झाली. नकाशा मांडला तेव्हा औद्योगिक शहरांत आणि त्यांच्या पूर्वेला, म्हणजे पश्चिमेचा वारा धूर वाहून नेतो त्या बाजूला, काळ्यांचे प्रमाण जास्त दिसले. कॉर्नवॉल आणि उत्तर स्कॉटलंडमध्ये जवळजवळ सगळे फिकट. मात्र प्रत्येक काळा पतंग धुराचाच, असे त्यांनी कधी मानले नाही. शेटलंड बेटांवर, जिथे गिरणीचे धुराडे औषधालाही नाही, तिथल्या दुसऱ्या एका जातीच्या गडद रूपाचा त्यांनी वेगळा अभ्यास केला.

१९५६ मध्ये ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. झाला तो माणसांच्या फुप्फुसांसाठी, पण त्याचा परिणाम पतंगांवर मोजता आला. हे मोजणारेही डॉक्टरच. लिव्हरपूलचे फिजिशियन सिरिल क्लार्क १९५९ पासून जवळच्या कॅल्डी गावी आपल्या घराच्या बागेत दरवर्षी दिव्याचा सापळा लावत आणि मिरपुडी पतंग मोजत. सुरुवातीला शंभरात नव्वदहून अधिक काळे असत. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते एक पंचमांशाच्या आत आले. क्लार्क यांचे नाव प्रसूतितज्ज्ञांना वेगळ्या कारणाने माहीत असते. आईचे रक्त आरएच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असले तर पुढच्या बाळाला धोका असतो. तो टाळण्यासाठी प्रसूतीनंतर ७२ तासांत आम्ही जे अँटी-डी इंजेक्शन देतो, ते शोधून काढणाऱ्या लिव्हरपूलच्या गटाचे ते प्रमुख होते. फुलपाखरांच्या पंखांवरील नक्षीची आनुवंशिकता तपासता तपासता ते रक्तगटांकडे वळले होते. आमच्या लेबर वॉर्डातल्या फ्रिजमध्ये ते इंजेक्शन नेहमी असते. त्याचा फुलपाखरांशी संबंध आहे हे मी सांगितले की नर्सिंगच्या विद्यार्थिनी माझ्याकडे संशयाने बघतात.

केटलवेल यांना कीर्ती मिळाली. त्यांचा प्रयोग जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेला. १९७३ मध्ये त्यांनी आयुष्यभराचे काम एका जाडजूड ग्रंथात मांडले. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मात्र त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही. ते मूळचे डॉक्टर, हौशी संग्राहकांतून वर आलेले. विद्यापीठातल्या काहींच्या नजरेत ते बाहेरचेच राहिले असावेत, असे मला वाटते. अखेरच्या काळात पतंग गोळा करताना झाडावरून पडून त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. पुढचे दिवस वेदनेत गेले. ११ मे १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

आणि मग शंका सुरू झाल्या. त्यातल्या काही रास्त होत्या. हे पतंग रात्री उडतात, पण केटलवेल यांनी ते सकाळी सोडले, त्यामुळे त्यांना आपली जागा नीट निवडता आली नाही. त्यांनी एकाच ठिकाणी फार दाटीने पतंग सोडले, म्हणजे पक्ष्यांना आयती पंगत. पतंग खोडावर बसतात की वर फांद्यांत, हे नीट तपासले नाही. यातली जागेची अडचण केटलवेल यांनी आपल्या लेखातच मान्य केली होती. आणखी एक खरी उणीव म्हणजे, कोणता पतंग उठून दिसतो हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ठरवले. पक्ष्यांना अतिनील प्रकाशही दिसतो. त्यांच्या डोळ्याला जुळणारे आणि आपल्या डोळ्याला जुळणारे रंग एकच असतील असे नाही. पतंग आपल्या रंगाला साजेशी जागा निवडतो, हे त्यांनी पिंपात काळ्या-पांढऱ्या पट्ट्या लावून दाखवले होते. तेही नंतरच्या अभ्यासकांना ठामपणे दाखवता आले नाही.

केंब्रिजचे मायकेल मजेरस यांनी १९९८ मध्ये आपल्या पुस्तकात या उणिवा नोंदवल्या. मूळ निष्कर्ष बरोबरच आहे असेही त्यांनी लिहिले होते, पण लोकांनी उणिवा तेवढ्या उचलल्या. पाठ्यपुस्तकांतली छायाचित्रे मेलेले पतंग खोडावर लावून काढली होती हे कळल्यावर तर ओरडच झाली. वास्तविक ती छायाचित्रे रंग जुळणे म्हणजे काय हे दाखवायला होती. पुरावा म्हणून ती कुणी मांडली नव्हती. उत्क्रांतीच न मानणाऱ्या मंडळींना तर आयते कोलीत मिळाले. २००२ मध्ये एक पुस्तक आले आणि त्यात केटलवेल यांनी आकडे बनवले असावेत असे सूचित केले गेले. आधार काय? तर बर्मिंगहॅमच्या प्रयोगात सुरुवातीला फार कमी पतंग परत येत होते, फोर्ड यांनी त्याबद्दल हळहळ व्यक्त करणारे पत्र लिहिले आणि त्यानंतर आकडे एकदम वाढले.

मेलेला माणूस खुलासा करू शकत नाही. पण तारखा शिल्लक होत्या. फोर्ड यांचे पत्र १ जुलै १९५३ चे आणि पकड वाढलेली दिसते तीही १ जुलैलाच. पत्र टपालात पडायच्या आतच आकडे वाढले होते. शिवाय त्याच सुमारास केटलवेल यांनी सोडायच्या पतंगांची संख्या वाढवली होती, हे त्यांच्याच तक्त्यांत आहे. आम्हा सरकारी डॉक्टरांना केसपेपरवर तारीख आणि वेळ लिहिण्याचा कंटाळा येतो. मी स्वतःही त्यात मागे नाही. वीस-तीस वर्षांनी कुणी आपला केसपेपर उघडला तर, असा विचार हे प्रकरण वाचताना मनात आला.

खरे उत्तर दिले ते मजेरस यांनीच, आणि तेही रानात. २००१ ते २००७ अशी सात वर्षे त्यांनी केंब्रिजला स्वतःच्या बागेत प्रयोग केला. पतंग रात्री सोडले. थोडे थोडे, निसर्गात असतात तेवढ्याच दाटीने. ते जिथे बसतील तिथे बसू दिले. पहाटे उठून कोणता पतंग कुठे आहे ते टिपले आणि चार तासांनी पुन्हा पाहिले. दुर्बिणीतून पक्षी पाहिले. एकूण ४,८६४ पतंग. झाडांवर चढून त्यांनी नैसर्गिकपणे बसलेले पतंगही शोधले. निम्मे फांद्यांवर होते आणि एक तृतीयांशाहून थोडे अधिक खोडांवर. म्हणजे ते जुने चित्र अगदीच खोटे नव्हते. त्या स्वच्छ हवेच्या बागेत फिकटांच्या तुलनेत काळ्या पतंगाची एक दिवस जगण्याची शक्यता सुमारे एक दशांशाने कमी निघाली. दिवसाला एवढा फरक काळे पतंग झपाट्याने घटायला पुरेसा होता. निष्कर्ष नीट लिहून छापायच्या आतच, जानेवारी २००९ मध्ये मजेरस वारले. चार सहकाऱ्यांनी त्यांची टिपणे तपासून २०१२ मध्ये ते प्रसिद्ध केले.

२०१६ मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी काळ्या रंगाचे मूळच शोधून काढले. कॉर्टेक्स नावाच्या जनुकात सुमारे बावीस हजार अक्षरांचा एक भटका तुकडा येऊन बसला होता. तो केव्हा घुसला याचा हिशेब मांडला तेव्हा १८१९ च्या आसपासचे साल निघाले. मँचेस्टरची पहिली नोंद १८४८ ची. म्हणजे मधली तीसएक वर्षे काळा पतंग रानात होता, पण कुणाच्या नजरेस पडला नाही किंवा पडूनही दुसऱ्याच जातीचा म्हणून सोडून दिला गेला.

केटलवेल यांच्या काळात बर्मिंगहॅमला फिकट पतंग दुर्मीळ होता. आता तिथे उलटे आहे. सापळ्यात काळा पतंग आला की हौशी मंडळी त्याचे पंख आधी नीट निरखतात, पांढुरके ठिपके दिसत नाहीत ना याची खात्री करतात, इन्सुलारिया नाही हे पक्के झाले की मगच कार्बोनारिया म्हणून वहीत तारखेसह टिपून ठेवतात.